वामनवृक्षाचे आसन

'बोन्साय' या जपानी शब्दाची फोड करून पाहिली तर एक मौजेची गोष्ट नजरेस येते. त्यातील 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. ज्या झाडाच्या वामनरूपाचे आपण एवढे कौतुक करतो, त्या झाडाचा या नावात उच्चारही नाही. तबकाचा मात्र आहे, आणि तोही पहिल्याने. ज्या लोकांनी ही कला परिपूर्णतेस नेली, त्यांनी नाव ठेवताना तबकाला अग्रपूजेचा मान दिला तो काही उगाच नव्हे. आमच्या इकडे मात्र गोष्ट नेमकी उलट झाली आहे. गिरगावातील चाळींच्या सज्जांत, दादरच्या इमारतींच्या गच्च्यांवर, परळ-लालबागच्या खिडक्यांत वामनवृक्षांची हौस आज चांगलीच रुजली आहे. वडाच्या फांदीस तार कशी गुंडाळावी, मुळे केव्हा छाटावीत, खत कोणते घालावे, याविषयी आमचे वाचक मोठ्या आस्थेने विचारणा करतात. पण हे झाड ज्यात आपले आयुष्य काढावयाचे, ती कुंडी कशी असावी, ती कोण घडवितो आणि कशी घडवितो, हे सहसा कोणी विचारीत नाही. बाजारात जे तबक मिळेल ते आणावे आणि झाड त्यात बसवावे, अशीच रीत पडून गेली आहे. म्हणून या खेपेस झाड क्षणभर बाजूस ठेवून त्याच्या आसनाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

या कलेचे मूळ चीन देशात आहे. तेथील तांग घराण्यातील झांगहुआय या राजपुत्राच्या थडग्यात इसवी सन ७०६ च्या सुमाराची भित्तिचित्रे आहेत. त्यांतील एका चित्रात लहानसे दगड व झाडे मांडलेले तबक हाती घेऊन चाललेली सेवक मंडळी दाखविली आहेत. पुढे ही कला जपानात गेली. १३०९ सालच्या सुमारास तेथे तयार झालेल्या एका प्रसिद्ध चित्रपटात कुंड्यांतील ठेंगणी झाडे आढळतात. त्या काळी जपानी लोक अशा झाडास 'हाची-नो-की', म्हणजे वाडग्यातील झाड, असे म्हणत. याच नावाचे त्यांचे एक जुने नाटक आहे. हिमवर्षावाच्या रात्री एका विपन्न योद्ध्याच्या दारी एक अनोळखी यती येतो. घरात सर्पण नाही. तेव्हा तो योद्धा आपली जिवापाड जपलेली आलुबुखारा, चेरी व पाइन यांची कुंडीतील झाडे तोडून अतिथीसाठी शेकोटी पेटवितो. तो यती म्हणजे वेष पालटून हिंडणारा माजी राज्यकर्ता असतो, आणि तो पुढे त्या योद्ध्यास त्या तीन वृक्षांच्या नावांची तीन गावे इनाम देतो. अतिथीस देव मानणाऱ्या आपल्या घरांत ही कथा परकी वाटू नये. आम्ही ती येथे सांगितली ती मात्र दुसऱ्याच कारणासाठी. पूर्वीचे ते झाड खोल वाडग्यात होते. पुढे ते उथळ तबकात आले, आणि वाडगा जाऊन तबक आले तेव्हाच कलेचे नावही पालटले. कुंडी बदलली आणि कलाच बदलली, असा याचा अर्थ.

उथळ तबकात झाड लावण्याने काय साधते, हे पाहण्याजोगे आहे. खोल कुंडीत झाड हे कुंडीत लावलेले रोप दिसते. उथळ तबकात तेच झाड जमिनीवर उभे असल्यासारखे दिसते. डोळ्यांस आधी बुंधा दिसतो, मग पसरलेली मुळे, आणि तबकाचा काठ हा जणू दूरच्या माळरानाचा क्षितिजाचा काठ होतो. हा दृष्टिभ्रम नीट साधावा म्हणून जपानी मंडळींनी काही ठोकताळे बसविले आहेत. तबकाची लांबी झाडाच्या उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी, आणि खोली बुंध्याच्या तळच्या जाडीइतकी असावी. म्हणजे अठरा इंच उंचीच्या व दोन इंच बुंध्याच्या वडास बारा इंच लांब व दोन इंच खोल तबक शोभते. सूचिपर्णी आणि जरठ दिसणाऱ्या वृक्षांस बिनझिलईची, मातकट रंगाची कुंडी. फुला-फळांच्या झाडांस झिलईची, फुलाच्या रंगाशी मिळती किंवा विरोधी रंगाची. कुंडीने झाडाहून अधिक बोलू नये, हे या साऱ्या नियमांचे सार होय. घरात पाहुण्यांपुढे पानाभोवती रांगोळी काढावी ती पानातील पदार्थ झाकण्यासाठी नव्हे. तसेच हे आहे.

या कुंड्या घडविणारी गावे जगप्रसिद्ध आहेत. चीनमधील यीशिंग येथील जांभळट मातीच्या बिनझिलईच्या कुंड्या जपानी रसिक शतकानुशतके मागवीत आले, आणि कोणत्या काळी आलेली कुंडी यावरून त्यांच्या प्रती ठरवीत आले. जपानात आइची प्रांतातील तोकोनामे हे प्राचीन कुंभारगाव या कामात अग्रेसर ठरले. या कुंड्या १,२०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास वा त्याहून अधिक उष्णतेत भाजलेल्या असतात. त्यामुळे त्यांची माती दगडासारखी घट्ट होते आणि पाणी फारसे शोषीत नाही. त्यामागे केवळ सौंदर्य नसून थंडीचे कारण आहे. जपानात हिवाळ्यात पाणी गोठते, आणि गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते. सच्छिद्र कुंडीच्या अंगात मुरलेले पाणी असे फुगले की कुंडी तडकते. तेव्हा तेथील कुंभारास माती दगड होईपर्यंत भाजणे भागच आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

आता कुंडीचा विचार करण्यापूर्वी घरातील वडील माणसांच्या एका आक्षेपास उत्तर देणे आम्हांस अवश्य वाटते, कारण एकत्र कुटुंबात तो हमखास निघतो. वड आणि पिंपळ हे आपले पूज्य वृक्ष. ज्येष्ठी पौर्णिमेस सुवासिनींनी ज्याला सूत गुंडाळावयाचे, त्या वडास तबकात कोंडून त्याची मुळे कापणे हे पाप नव्हे काय, असे आजी विचारतात. प्रश्न पोरकट नाही. पण मुंबईतील वडाची प्रत्यक्ष स्थिती काय आहे ती पाहावी. कावळे, बुलबुल, कोकीळ हे पक्षी फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी गिरगावातील जुन्या इमारतींच्या भिंतींच्या भेगांत, पन्हाळींच्या सांध्यांत पडते. तेथे वड, पिंपळ, उंबर, पिपरी आपसूक रुजतात. ही रोपे वाढू दिली तर भिंत फोडतात. म्हणून ती तोडली जातात, किंवा औषध ओतून जाळली जातात. मुंबईतील कितीतरी वामनवृक्ष हे अशा भेगांतून अलगद सोडवून आणलेले जीव आहेत. मुळे छाटणे हे त्यास मारणे नव्हे; योग्य ऋतूत छाटलेल्या मुळास नवे तंतू फुटतात आणि झाड ताजे होते. खरे क्रौर्य असते ते अन्यत्र: ज्या कुंडीस पाणी निघून जाण्यास वाट नाही, जिच्यात मे महिन्यात दुपारी माती भट्टीसारखी तापते, तिच्यात झाड बसवून विसरून जाण्यात. म्हणजे आजींच्या प्रश्नाचे उत्तरही अखेर कुंडीपाशीच येऊन ठेपते.

मग मुंबईत ही कुंडी मिळते कोठे? खुर्ज्याहून झिलईच्या कुंड्या येतात, चीनमधून साच्यातल्या येतात, सिमेंटच्या आणि प्लास्टिकच्या तर पैशास पासरी आहेत. हे सर्व विकत घेणाऱ्या आमच्या शहरात कुंभारांची एक अख्खी वस्ती नांदते आहे, याचे स्मरण कोणास राहत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच. गिरगावकरांस तर हे अधिकच लागू आहे. कारण खेतवाडीपलीकडे गेले की ज्या गल्ल्या लागतात, त्यांस आजही कुंभारवाडा म्हणतात. तेथे आता चाक फिरत नाही, नाव तेवढे उरले आहे. शहर वाढत गेले तसा धूर करणारा हा धंदा उत्तरेस सरकत गेला आणि धारावीत स्थिरावला. धारावीच्या नव्वद फुटी रस्त्यालगतच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची घरे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आहेत. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या चौकात भट्टी, अशी त्यांच्या आळीची ठेवण असते. उन्हाळ्यापूर्वी माठ, दिवाळीपूर्वी पणत्या, आणि बारमाही तुळशीच्या व फुलझाडांच्या कुंड्या, हे त्यांचे वर्षाचे चक्र. मुंबईच्या घराघरांत दिवाळीस लागणाऱ्या पणत्यांपैकी कितीतरी या भट्ट्यांतून निघतात. त्या भट्ट्यांत लाकडाच्या जोडीस कापडाच्या चिंध्या आणि टाकाऊ कापूस जाळण्याची पद्धत आहे. कापडाच्या या शहरात ते जळण सहज मिळत आले.

तेव्हा कुंभार आहे, माती आहे, भट्टी आहे. मग वामनवृक्षाची कुंडी का निघत नाही? याचे कारण कारागिरीच्या स्वरूपातच आहे. चाकावर जे घडते ते वाटोळे घडते. फिरत्या मातीस हात लावला की ती चहूंकडून सारखीच उभी राहते. माठ, गाडगे, गोल कुंडी ही चाकाची सहज अपत्ये होत. वामनवृक्षास मात्र बहुधा लांबट चौकोनी किंवा लंबगोल तबक लागते, आणि ते चाकावर उतरत नाही. ते घडवावयाचे तर मातीची जाड पोळी लाटावी लागते, बाजूंच्या पट्ट्या कापाव्या लागतात, सांध्यास चरे पाडून मातीच्या पातळ लगद्याने जोडावे लागते, आणि मग खरी परीक्षा सुरू होते ती वाळविण्याची. माती वाळताना आणि भाजताना आकसते. साधारणपणे दर फुटामागे एक ते सव्वा इंच. बारा इंचांचे तबक हवे असेल तर ओले तबक सव्वातेरा इंचांच्या घरात घडवावे लागते. पण ती सर्वत्र एकसारखी आकसली तर ना! कडा आधी वाळतात, मधला भाग मागाहून. त्यामुळे कोपरे वर उचलले जातात, तळ वाकतो आणि सांधे उघडतात. पापड उन्हात वाळत घातले की त्यांच्या कडा कशा वळतात, ते आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नकोच. यावर उपाय एकच: सावलीत, ओलसर कापडाखाली, पालथे-उताणे करीत सावकाश वाळविणे. माठावर जगणाऱ्या कुंभारास एका तबकासाठी इतके दिवस फळी अडवून ठेवणे परवडत नाही. आणि आपण ते परवडेल असे मोल कधी देऊ केले नाही.

येथे शहराच्या दुसऱ्या एका आळीची आठवण होते. लालबाग-परळ ही गणेशमूर्तींची माहेरघरे. तेथील मूर्तिकार प्लास्टरच्या साच्यात शाडूची माती बोटांनी दाबून बसवितात. साचा मातीतील पाणी शोषून घेतो, माती किंचित आकसते आणि मूर्तीचा भाग अलगद सुटून येतो. तबकाच्या कामास अगदी हीच विद्या लागते. जपानातही मोठ्या प्रमाणावर निघणाऱ्या कुंड्या प्लास्टरच्या साच्यातूनच काढतात. चार कोपरे सारखे, भिंतींची जाडी सारखी, आणि पाय जागच्या जागी. म्हणजे विचित्र स्थिती अशी की, धारावीत ज्याच्यापाशी भट्टी आहे त्याच्यापाशी चौकोनी साचा नाही. लालबागेत ज्याच्यापाशी साचा आहे तो आपली माती भाजीत नाही, कारण ती विसर्जनासाठीच घडविलेली. आणि दादरला ज्याच्यापाशी झाड आहे, तो या दोघांकडेही न जाता परदेशी तबक विकत आणतो. तिघांच्या वाटा एकाच रेल्वेमार्गावर आहेत, पण तिघांची गाठ पडत नाही. कुंडीच्या अभावाचे खरे मूळ मातीत नसून या न पडलेल्या गाठीत आहे, असे आमचे मत आहे.

अशी गाठ पडली म्हणजे काय निपजते, याचा पुरावा मुंबईतच आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली येथे कलाशाळा सुरू झाली. तिच्याशी संबंधित जॉर्ज विल्किन्स टेरी या शिक्षकाने १८७० नंतरच्या काळात मृत्पात्रांचे काम हाती घेतले. सिंधमधील झिलईकाम जाणणारे कुंभार मुंबईस आणविले गेले. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला उतरवीत होते. सिंधची झिलई आणि अजिंठ्याची वेलबुट्टी यांच्या मिलाफातून जी भांडी निघाली, ती 'बाँबे पॉटरी' म्हणून विलायतेतील संग्रहालयांपर्यंत पोहोचली. यांपैकी काही पात्रे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले, आणि ते उभे आहे राणीच्या बागेच्या आवारात. त्याच बागेत महानगरपालिकेच्या वतीने थंडीच्या अखेरीस झाडांचे वार्षिक प्रदर्शन भरते, आणि त्यात वामनवृक्षांपुढे सर्वांत अधिक गर्दी असते. एका कुंपणाच्या आत एकीकडे मुंबईची झाडे आणि दुसरीकडे मुंबईची पात्रे! प्रदर्शनास जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांसह पलीकडच्या दालनातही डोकवावे, आणि ही दोन्ही एकत्र का येऊ नयेत, हा प्रश्न मुलांसच विचारावा.

आता भाजणीचा प्रश्न. कुंभारवाड्यातील भट्टी सुमारे ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापते. तोकोनामेच्या मानाने हे भाजणे कच्चेच. ही लाल माती सच्छिद्र राहते, पाणी पिते, आपटली तर फुटते. म्हणून आमच्यातील जाणकार तिला नाक मुरडतात. पण तेथील कुंभारास दगडी भाजणी का लागली, ते आम्ही वर सांगितलेच आहे. मुंबईत पाणी गोठून कुंडी तडकल्याचे कोणी ऐकले आहे काय? आमचा शत्रू हिम नव्हे. आमचे शत्रू दोन: मे महिन्याचे ऊन आणि आषाढ-श्रावणाचा पाऊस. ज्या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे कुंडीचा पहिला धर्म पाणी वाहून नेणे हा आहे. सच्छिद्र लाल कुंडीच्या अंगातून हवा खेळते, मुळे कुजण्याचे भय कमी होते, आणि उन्हात तिच्या अंगावरून बाष्प उडाल्याने माठातील पाण्याप्रमाणे मातीही थोडी निवते. तिचे दोषही सांगितले पाहिजेत. ती लवकर सुकते, म्हणून उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालावे लागते. तिच्यावर क्षारांचे पांढरे डाग उमटतात. आणि ती दगडी कुंडीइतकी पातळ घडविता येत नाही, भिंत थोडी जाड ठेवावी लागते. पण वड-पिंपळासारख्या भारदस्त बुंध्याच्या, पारंब्यांच्या झाडास थोडी जाड आणि खोल कुंडी अशोभनीय नाही. देवदारासाठी बेतलेले जपानी तबक वडास जसेच्या तसे लावणे, हे पाहुण्याचा अंगरखा घरच्या मुलास चढविण्यासारखे आहे.

ज्यांस घट्ट भाजणीच हवी असेल त्यांसाठीही महाराष्ट्र व सीमाप्रदेश रिता नाही. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरची लाल माती कौलांसाठी नावाजलेली आहे, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी मध्यवर्ती संस्था तेथे उभी राहिली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी गांधीविचाराच्या प्रेरणेने ग्रामोदय संघ स्थापून कुंभारांस सुधारलेली माती व झिलई यांचे शिक्षण दिले. सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत. साहित्य आपल्या प्रांतात आहे. मागणी मात्र आपण निर्माण केली पाहिजे.

ती मागणी कशी करावी, हे सांगितल्यावाचून हा लेख नुसता उपदेश ठरेल. कुंभाराकडे जाताना तोंडी वर्णन नको. पुठ्ठ्याचा नमुना कापून न्यावा आणि हे माप भाजल्यानंतरचे आहे असे स्पष्ट सांगावे. तळाशी अंगठा जाईल एवढी दोन किंवा तीन भोके असावीत, आणि झाड तारेने बांधण्यासाठी आणखी दोन-चार बारीक छिद्रे. भोकाच्या कडा आतून वर उचललेल्या नसाव्यात, नाहीतर तेथे पाणी साचते. तळ आतून सपाट किंवा भोकाकडे किंचित उतरता असावा. खाली चार पाय हवेतच; पायांवाचून भोके जमिनीला टेकून बंद होतात. तोंड पोटापेक्षा अरुंद नसावे, कारण दर वर्षा-दोन वर्षांनी झाड मुळांच्या गड्ड्यासह बाहेर काढावयाचे असते, आणि अरुंद तोंडाची कुंडी फोडावी लागते. झिलई लावलीच तर बाहेरून, आत नको. चौकोनी तबकाचा हट्ट नसेल तर गोल तबक मागावे. ते चाकावर उतरते, आणि एकेरी बुंध्याच्या झाडास ते सुरेख दिसते. एक नव्हे, चार कुंड्या एकदम सांगाव्यात आणि त्यांतील एक वाकडी निघेल हे गृहीत धरून मोल ठरवावे. वाकडी निघालेली कुंडी परत करू नये; तिच्यात रोपे वाढतात.

काळही पाहून जावे. दिवाळी सरली की पणत्यांची घाई ओसरते आणि माठांची घाई अद्याप सुरू झालेली नसते. हवाही कोरडी असते. मार्गशीर्षात सांगितलेली कुंडी शिमग्याच्या आत हाती येण्यास हरकत नाही. ती काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावी, पुन्हा वाळवावी, आणि ज्येष्ठात पहिल्या सरी आल्या की वड-पिंपळ तिच्यात बसवावा. आमच्या हवेत या झाडांच्या मुळांस तोच काळ मानवतो. मूर्तिकारांकडे साच्याविषयी विचारावयाचे तर तेही गणेशोत्सव आटोपल्यावर. कुंडी घेताना पारख करावयाची ती गोरोबाकाकांच्या रीतीने. तेरच्या त्या संत कुंभाराने थापटणे हाती घेऊन संतमंडळीत कोण पक्के आणि कोण कच्चे याची परीक्षा केली, ही कथा आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. कुंडी एका हातावर तोलून बोटाच्या पेराने हलकेच वाजवावी. खणखणीत नाद निघाला तर भाजणी नीट. भद्द आवाज आला तर एकतर माती कच्ची किंवा अंगात चीर.

हे सर्व आताच सांगण्याचे कारण आहे. धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा गेली वीसहून अधिक वर्षे चालू आहे, आणि कुंभारवाड्यातील भट्ट्यांचे पुढे काय होणार, ही तेथील घरांची मोठी चिंता आहे. धुराची तक्रार खोटी नाही; त्या धुरात प्रथम कुंभाराचीच मुलेबाळे राहतात, आणि धूर न करणाऱ्या भट्ट्या व्हाव्यात हे योग्यच आहे. पण भट्टी उंच इमारतीच्या सदनिकेत पेटत नाही, आणि माती वाळविण्यास अंगण लागते. खेतवाडीपलीकडे जसे नाव उरले आणि चाक गेले, तसे धारावीतही होऊ शकते. एका आळीने माठ व पणत्या यांवरच जगावे तर शीतकपाट आणि विजेची तोरणे यांच्यापुढे ती किती काळ टिकेल? जिच्यात हाताचे कौशल्य मोजले जाते आणि त्याचे मोल मिळते, अशी एखादी वस्तू तिच्या हाती आली तर नव्या पिढीस चाकाशी राहण्यास कारण मिळेल. वामनवृक्षाची कुंडी ही अशीच वस्तू आहे. हौस आपली, पण तिच्यावर कोणाचा तरी संसार उभा राहू शकतो.

आपण वामनवृक्षाकडे पाहून धीराचे कौतुक करतो: वीस वर्षे छाटले, वळविले, जपले, तेव्हा कोठे हा आकार आला! तोच धीर ज्याने तबक सावलीत दहा दिवस उलटेपालटे केले त्या हातांसही लागला असतो. फक्त त्याचे नाव प्रदर्शनाच्या पाटीवर नसते. पाटीवर झाडाचे नाव, वय आणि मालकाचे नाव लिहितात. आमची सूचना एवढीच की, जेथे कुंडी मुंबईत घडली असेल तेथे चौथी ओळ कुंभाराच्या नावाची असावी. जपानी कुंभार कुंडीच्या तळाशी आपली मोहर उमटवितो, आणि जाणकार कुंडी उलटून ती आधी पाहतात. आमच्या कुंभारासही ओल्या मातीत आपले नाव कोरावयास सांगावे, आणि त्या नावाने त्याच्याकडे पुन्हा जावे.